मग बघू

वर कसं यावं, या विषयावर आपल्याकडे पुस्तकांना तोटा नाही. कुठल्याही स्टेशनवरच्या स्टॉलवर पाहावं. मुखपृष्ठावर एक शिडी, शिडीवर टाय लावलेला गृहस्थ आणि टोकाला उगवता सूर्य. पण कुणाला खाली कसं ठेवावं, किती वेळ ठेवावं आणि मुळात ठेवावं की नाही, याबद्दल अवाक्षर काढणारं पुस्तक निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक एक माणूस वर येतो तेव्हा त्याच्यापायी चार-दोन जण खाली थांबलेले असतात. म्हणजे गिऱ्हाईक या बाजूलाच जास्त. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हांला शिकवलेला मागणी-पुरवठ्याचा नियम प्रकाशकांना कुणी शिकवलेला दिसत नाही.

ही उणीव भरून काढायला मी लायक आहे, असं मला नम्रपणे वाटतं. बावीस वर्षं मी बँकेत क्लार्क आहे. या अवधीत माझ्या डोळ्यांदेखत सहा मॅनेजर वर गेले. (वर म्हणजे रीजनल ऑफिसला. गैरसमज नसावा.) मी काउंटरच्या ज्या बाजूला होतो, त्याच बाजूला आहे. माझ्यामागून लागलेली पोरं परीक्षा देऊन ऑफिसर झाली, बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहू लागली आणि हातानं खिचडी शिजवून खाऊ लागली. मी घरी जेवतो. तेव्हा मला कुणी खाली दाबून ठेवलं आहे, की मीच मांडी घालून बसलो आहे, या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही. ती नोंद सस्पेन्स अकाउंटला पडून आहे.

या विषयाला शास्त्राची बैठक मिळाली ती आमच्या साडूंमुळे. ते राजस्थानात एका शिसं-जस्ताच्या कारखान्यात केमिस्ट आहेत. पहिल्या भेटीत मी रीतीप्रमाणे विचारलं, "आपण नेमकं काय करता?" ते म्हणाले, "मी डिप्रेसंट घालतो." मी म्हटलं, "आमच्याकडे त्यासाठी वेगळा माणूस नसतो. परिपत्रकं येतात." सौ.नं डोळे वटारले. साडू हसले नाहीत. धंद्यावर खरं प्रेम असलेला माणूस धंद्यावरच्या विनोदाला हसत नाही, तो समजावून सांगायला बसतो. पुढं एल.टी.सी.वर उदयपूर पाहायला गेलो तेव्हा बहिणीबहिणी बाजारात गेल्या आणि साडूसाडू डोक्यावर हेल्मेट चढवून कारखान्यात गेले.

खाणीतून निघालेला दगड हा एकत्र कुटुंबासारखा असतो. शिसं, जस्त, लोखंड आणि बिनकामाची वाळू एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसलेली. त्यांची वाटणी करायची तर आधी दळण काढावं लागतं. दगड पिठासारखा बारीक दळायचा, त्यात पाणी ओतून पातळ पिठल्यासारखा कालवायचा आणि मोठाल्या टाक्यांत घुसळत ठेवून आत हवा सोडायची. लाखो बुडबुडे उठतात. त्या बुडबुड्यांना धरून हवं ते खनिज वर येतं, काळाभोर चकचकीत फेस होऊन टाकीच्या काठावरून ओसंडतं. तो फेस गोळा केला की काम झालं.

मी टाकीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हलकं असेल ते वर येत असणार?" साडू म्हणाले, "छे! शिशाचं खनिज म्हणजे गॅलिना. पाण्याच्या साडेसात पट जड. वाळूचा कण अडीच पटींहून थोडा जास्त. तरी गॅलिना वर येतं आणि वाळू खाली राहते." वजनाचा इथं संबंधच नाही. संबंध आहे तो पाण्याशी पटण्या-न पटण्याचा. झँथेट नावाचं एक रसायन घालतात. ते ज्या कणाच्या अंगाला चिकटतं त्याला पाण्याचा तिटकारा येतो, आणि तो जवळून जाणाऱ्या बुडबुड्याला मिठी मारून वर निघतो. बुडबुड्यात काय असतं? हवा. आमच्या बँकेत वर गेलेल्या काही मंडळींची कारकीर्द मी या दृष्टीनं तपासायला घेतली होती. पण मग तपासणं थांबवलं. नोकरी अजून चौदा वर्षं आहे.

आता अडचण अशी की, शिसं वर निघालं की जस्तही निघू पाहतं. एरवी जस्ताचं खनिज थोडं भिडस्त. पण दगडात कुठं थोडं तांबं असलं तर ते पाण्यात उतरतं, जस्ताच्या कणाच्या अंगाला लागतं, आणि तेवढ्या आधारावर तो कणही बुडबुडा पकडतो. दोघं एकत्र वर आली तर दोघांचंही नुकसान. शिशाच्या भट्टीत गेलेलं जस्त तिथल्या मळीत वाया जातं, वर भट्टीवाला त्यापायी पैसे कापून घेतो तो वेगळाच. म्हणून आधी शिसं काढायचं आणि तोवर जस्ताला खाली धरून ठेवायचं. हे धरून ठेवणारं रसायन ते डिप्रेसंट. शिसं-जस्ताच्या बाबतीत झिंक सल्फेट आणि सोबत सोडियम सायनाइड. शेरिडन आणि ग्रिसवोल्ड या दोघांनी १९२२ साली अमेरिकेत याची पेटंटं घेतली. सायनाइड म्हटल्यावर मी टाकीपासून दोन पावलं मागं सरलो. पण ते तिथं जस्ताचा जीव घेत नाही. त्याच्या अंगाला लागलेलं तेवढं तांबं काढून घेतं. कण आतून होता तसाच राहतो, फक्त त्याला वर जायचा आधार उरत नाही. शिशाला मात्र सायनाइडनं काही होत नाही.

डिप्रेसंटचं कपाट पाहून मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. तांब्याच्या खनिजात पायराइट नावाचा एक भामटा असतो. अंगी लोखंड आणि गंधक, पण झळाळी अशी की भलेभले त्याला सोनं समजून बसले. सगळ्या जगाला चुना लावणाऱ्या या इसमाला खाली बसवण्यासाठी काय घालतात? चुना! काव्यगत न्याय म्हणतात तो हाच असावा. प्लॅटिनमच्या खनिजात शंखजिरं असतं. त्याला मुळातच पाणी आवडत नाही, तेव्हा कुणी न बोलावताच ते बुडबुड्यावर चढून बसतं. प्रत्येक लग्नात असा एक पाहुणा असतोच. त्याला खाली ठेवायला दक्षिण आफ्रिकेत गवारीच्या बियांचा डिंक घालतात. गवारीची भाजी पानात पडली की माझा उत्साह का खाली बसतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

पण खरी गंमत लोखंडाची. ब्राझीलमधल्या कारखान्यांत मक्याचा स्टार्च कॉस्टिक सोड्यात फुलवून त्याची खळ करतात. आपण धोतराला घालायचो तसलीच. ही खळ घालून लोखंडाला खाली ठेवतात आणि वर आणतात ती वाळू. वाळू वर येते, फेसात मिरवते, आणि तशीच टाकून दिली जाते. माल खालीच असतो. दुधावर येते ती साय आणि गुऱ्हाळाच्या काहिलीवर येते ती मळी. दोन्ही वरच येतात. पण एक आपण वाटीत काढतो आणि दुसरी काठाबाहेर फेकतो. तेव्हा वर आला तो मोलाचा आणि खाली राहिला तो टाकाऊ, असं काही सृष्टीनं ठरवलेलं नाही. कुणाला वर आणायचं हे टाकीचा मालक ठरवतो, आणि तो त्याच्या गरजेप्रमाणे ठरवतो.

हे ऐकून माझ्यातला युनियनचा जुना सभासद जागा झाला. मी साडूंना म्हणालो, "म्हणजे हा अन्यायच झाला की! त्या जस्तानं काय पाप केलं होतं? त्याला वर यायचं होतं. तुम्ही त्याच्या अंगावरचं तांबं काढून घेतलंत आणि शिशाला पुढं घातलंत."

साडू म्हणाले, "चला, पुढची टाकी दाखवतो."

शिसं काढून झालं की उरलेलं सगळं पिठलं पुढच्या टाक्यांकडे जातं. तिथं निळ्याशार रंगाचं एक द्रावण पडत होतं. मी विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "कॉपर सल्फेट." म्हणजे आपलं मोरचूद. द्राक्षांवर आणि सुपारीवर चुन्याबरोबर फवारतात तेच. त्यातलं तांबं जाऊन जस्ताच्या कणाच्या अंगावर बसतं, मग झँथेट त्याला धरतं, आणि मघाशी खाली बसवलेलं जस्त फेस होऊन वर येतं. पहिल्या टाकीत जे काढून घेतलं, नेमकं तेच दुसऱ्या टाकीत परत दिलं जातं. हिशेबी माणसाला याहून समाधानकारक व्हाउचर दाखवता येणार नाही. फक्त रकमेत फरक आहे. सायनाइड टनामागे मोजक्या ग्रॅमांत भागतं, मोरचूद बहुतेक ठिकाणी काही शे ग्रॅम लागतं. दाबायला थोडं पुरतं, उठवायला जास्त लागतं.

मी गप्प झालो. कारण माझा आक्षेप पहिल्या टाकीवर होता आणि उत्तर दुसऱ्या टाकीत होतं.

दुसरी टाकी नसली तर काय होतं, याची गोष्ट साडूंनी परतताना जीपमध्ये सांगितली. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल नावाचं गाव आहे. तिथं १८८३ साली शिसं, चांदी आणि जस्ताचा प्रचंड साठा सापडला. शिसं आणि चांदी काढता येत होती, जस्त वेगळं करता येत नव्हतं. त्या जस्ताच्या खनिजाचं नाव स्फॅलेराइट, आणि त्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी दगाबाज. दिसायला शिशासारखं, पण भट्टीत घातलं तर शिसं निघत नाही, म्हणून हे नाव. (एखाद्यात आपल्याला हवं ते सापडलं नाही की त्यालाच फसवा ठरवणं, ही पद्धत फार जुनी आहे.) वर्षानुवर्षं हे जस्त गावाशेजारी ढिगांत पडत राहिलं. लाखो टनांचे ढीग. हे ढीग उपसून जस्त काढण्यासाठी १९०५ साली एक कंपनीच निघाली. तिच्या मागच्या मंडळींत हर्बर्ट हूवर नावाचा खाण-इंजिनियर होता, जो पुढं १९२९ साली अमेरिकेचा अध्यक्ष झाला. फेसावर खनिज तरंगवण्याची विद्या मोठी झाली ती याच ढिगांवर, आणि मोरचुदानं जस्त वर येतं हेही १९१० च्या दशकात तिथल्याच लेस्ली ब्रॅडफर्ड यांनी दाखवून दिलं. ढिगातलं जस्त तेच होतं. बदललं होतं ते काढणाऱ्याचं डोकं.

मी म्हटलं, "चला, उशिरा का होईना, पण निघालं. दगडाला काय घाई असते?" तर साडू म्हणाले, "असते. ढीग उन्हापावसात पडून राहिला की कणांच्या अंगावर गंजासारखा थर चढतो. मग रसायन नीट धरत नाही. जितका उशीर, तितकं अवघड."

दगडाचं हे असं. माणसाचं काय सांगावं!

परतीच्या गाडीत मी या प्रश्नाचा नैतिक अंगानं विचार केला. वरच्या बर्थवर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कुणाला खाली थांबवणं हे मुळातच पाप आहे का? तसं मानलं तर आमचा काउंटर एक दिवस चालणार नाही. रांग म्हणजे दुसरं काय आहे? एकाचं होईतो बाकीच्यांना थोपवणं. सगळ्यांना एकदम पुढं घेतलं तर कुणाचंच पासबुक भरून होणार नाही. मुदत ठेवीवर कर्ज घेतलं की आम्ही त्या ठेवीवर लियन लावतो. पैसे तुमचे, व्याज तुमचं, पण तूर्त काढता येणार नाहीत. ग्राहक कुरकुरतो, पण त्याला अन्याय म्हणत नाही. कारण कर्ज फिटलं की लियन उठवायचा, हे कागदावर असतं आणि तो कुणी उठवायचा हेही ठरलेलं असतं.

तेव्हा पाप थोपवण्यात नाही, असं माझं मत झालं. ज्याला थोपवायचं त्याचं मोल आधी नोंदलेलं असावं. त्याला उठवायचा खर्च थोपवणाऱ्यानं आधीच बाजूला काढलेला असावा. आणि दुसरी टाकी बांधलेली असावी, नुसती मनात नसावी. या तीन अटी पाळल्या तर त्याला क्रम म्हणावं. नाही पाळल्या तर तो ढीग.

आता मराठी माणसाच्या घरी सायनाइड नसतं. त्याच्यापाशी त्याहून स्वस्त डिप्रेसंट आहे. त्याचं नाव ‘मग बघू’. दोनच शब्द, खर्च शून्य, परवाना लागत नाही. मुलाला सायकल हवी, मग बघू. सौ.ला गाणं शिकायचंय, मग बघू. स्टाफला पंखा हवाय, मग बघू. ‘नाही’ म्हटलं तर माणूस भांडतो, दुसरी वाट शोधतो. ‘मग बघू’ म्हटलं की शांतपणे तळाशी जाऊन बसतो. त्याच्या अंगचं तांबं तेवढं निघून गेलेलं असतं.

आमच्या घरी हे रसायन १९९५ साली वापरलं गेलं. त्या वर्षी ताई बारावी झाली आणि मी दहावी. वडील कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. एका पगारात दोन कॉलेजं बसत नव्हती. बाबा म्हणाले, "आधी याचं होऊ दे. मग तुझं बघू." ताई बरं म्हणाली. ती टायपिंग शिकली, शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली, आणि त्या पैशातून माझी फी जाऊ लागली. पुढं मी बी.कॉम.ला गेलो तेव्हा माझे न जुळणारे ताळेबंद ती शेजारी बसून, गवार मोडता मोडता जुळवून द्यायची. वरच्या वर्गाचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. पण चूक कुठल्या ओळीत आहे ते तिला उलट्या बाजूनं वही पाहूनही दिसायचं.

बाबांचा पैशांचा हिशेब मी पुढं बँकेतला माणूस म्हणून तपासला आहे. तो बरोबर होता. दोघांना एकदम पाठवलं असतं तर दोघांचंही अर्धवट राहिलं असतं. फक्त, आधी कुणाला काढायचं हे ठरवताना हिशेब झाला नव्हता. ते हिशेबाच्या आधीच ठरलेलं होतं. मुलगा तो माल, मुलगी ती पुढच्या टाकीची. आणि पुढची टाकी कुणी बांधायची, मोरचूद कुणी आणायचं, हे कुणाच्याच नावावर लिहिलेलं नव्हतं. माझी पदवी हातात पडली तोवर ताईचं लग्न झालं होतं.

जस्ताचा मोठा उपयोग काय, हे मी साडूंना विचारलं होतं. ते म्हणाले, लोखंडाच्या पत्र्यावर त्याचा थर देतात. जस्त स्वतः झिजत राहतं आणि आतल्या लोखंडाला गंज लागू देत नाही. मी त्यावर काही बोललो नाही.

गेल्या महिन्यात मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या माहितीचे कागद छापून घेऊन मी ताईकडे गेलो. हे विद्यापीठ नाशिकला १९८९ साली स्थापन झालं. म्हणजे आमच्या घरात ‘मग बघू’ म्हटलं गेलं, त्याच्या सहा वर्षं आधीपासून दुसरी टाकी उभी होती. ताईनं चष्मा लावून कागद वाचले. सगळे वाचले. मग घडी घालून म्हणाली, "चांगलं आहे रे. पण यंदा पोरीचं बारावीचं वर्ष. तिचं होऊ दे, मग बघू."

काही रसायनं अंगात इतकी मुरतात की माणूस ती स्वतःच स्वतःला घालू लागतो. मी तीन अटींचं भाषण मनात जुळवत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाची पुस्तकातून मान न काढता ओरडली, "आई, मग म्हणजे कधी? माझा शेवटचा पेपर मार्चमध्ये आहे!"

ताई काहीच बोलली नाही. चहा टाकायला उठली. पण निघताना मी पाहिलं. कागद रद्दीत गेले नव्हते. भिंतीवरच्या कालनिर्णयाचं मार्चचं पान उलटून त्याच्यामागं ते टाचणीनं लावलेले होते. मार्चअखेर म्हणजे आम्हां बँकवाल्यांची खाती मिटवायची वेळ. ताईला हे मी कधी सांगितलेलं नाही. पण हिशेबात ती पहिल्यापासूनच माझ्यापेक्षा हुशार.